चंद्राचा दाखला

दिगंबर शिंत्रे आयुष्यात एकूण आठ वेळा खोटं बोलले, आणि आठही वेळा चंद्राविषयी. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून दिलेल्या माणसाच्या मानाने हा आकडा इतका कमी आहे की खरं तर त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. शाल-श्रीफळ राहिलंच, पुढे त्यांना घरात पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं.

शिंत्रे राहायचे आजऱ्यात. आजरा घाटमाथ्याला लागून. इथे पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा येतो. जूनमध्ये शिरला की सप्टेंबर संपेपर्यंत हलत नाही. या चार महिन्यांत आजऱ्याच्या आकाशात चंद्र असतो असं पंचांग म्हणतं. पुरावा काही नाही.

घरामागे परस होतं. त्यात एक फणस, एक धुण्याचा दगड, कमरेइतकी कुंपणाची भिंत, आणि पत्र्याच्या छपराखाली शिंत्र्यांची दुर्बीण. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे बदलून घेतात, शिंत्र्यांनी दुर्बीण घेतली. तिला कॅमेरा जोडून ते चंद्राचे फोटो काढत. चंद्रच का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मोजायला बरा. वाटणीला भाऊबंद येत नाहीत."

त्यांच्या पत्नी हेमलताबाई यांची संकष्टी कडक होती. इतर बायका कॅलेंडरवर छापलेली चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडत. हेमलताबाईंना ते मान्य नव्हतं. "पत्रिकेवर लग्नाची वेळ छापतात. लागतं का लग्न त्या वेळेला?" असं त्या विचारत. चंद्र दिसला पाहिजे. डोळ्यांनी नाही तर निदान दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत, आणि तो फोटो आपल्याच परसातला पाहिजे. एवढी एक सवलत त्यांनी नवऱ्याच्या छंदाला दिली होती.

मुलीच्या, मृण्मयीच्या, लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं, तेव्हा त्यांनी एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलला. हेमलताबाईंना मधुमेह होता, रोज दोन वेळा सुई टोचून घ्यावी लागे. नवसाची पहिलीच पावसाळी संकष्टी आली. रात्रीचे बारा झाले तरी आभाळ फाटेना. शेवटी मोदकांचं पातेलं उतरवताना त्या चुलीपाशी कोसळल्या. साखर चाळीसवर आली होती. शिंत्र्यांनी त्यांच्या तोंडात गूळ कोंबला, आणि छत्री घेऊन परसात गेले. दहा मिनिटांनी ते चंद्र घेऊन आत आले.

यात थोडा स्वार्थ होता हे नाकारण्यात अर्थ नाही. बायको जेवेपर्यंत त्या घरात कुणालाच पान मिळत नसे.

तो चंद्र पौषातला होता. शिंत्र्यांकडे हिवाळ्यातले संकष्टीचे चंद्र पुष्कळ साठलेले होते, आणि चतुर्थीचा चंद्र चतुर्थीच्या चंद्रासारखाच दिसतो. तरीही त्यांनी तो तसाच दिला नाही. ऋतूप्रमाणे उगवता चंद्र कमीजास्त कलंडलेला असतो. तो किती कलंडेल याचं गणित करून त्यांनी फोटो तेवढा फिरवला, वर थोडा ढग लावला. खोटं बोलतानाही मोजणी चुकू द्यायची नाही, ही हाताला लागलेली सवय. हेमलताबाईंनी हात जोडले, उपास सोडला, आणि तो फोटो कॉलनीतल्या 'संकष्टी मंडळ' या ग्रुपवर टाकला. अकरा घरांत पानं वाढली गेली.

दोन पावसाळे, आठ संकष्ट्या, आठ चंद्र. नवस पुरा झाला आणि त्याच वर्षी मृण्मयीला मुलगा झाला. त्याचं नाव ओजस. जावई वर्षातले नऊ महिने बोटीवर असे आणि मृण्मयी पुण्याला एका कंपनीत चौदा-चौदा तास. त्यामुळे ओजस दीड वर्षाचा झाल्यापासून आजऱ्यालाच वाढत होता.

मृण्मयीची कंपनी जे बनवत होती त्याचं नाव 'चंद्रसाक्ष'.

त्या सुमारास कुठल्याही फोटोवर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. आठवीतलं पोरगं मास्तरांना वाटेल त्या ठिकाणी वाटेल ते करताना दाखवू शकत होतं, आणि दाखवत होतं. कोर्टांनी फोटो पुरावा म्हणून घेणं जवळजवळ सोडलं होतं. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की फोटोत चंद्र असेल तर?

शाळेत शिकवतात की चंद्र पृथ्वीला कायम एकच तोंड दाखवतो. तोंड एकच, पण दाखवताना तो किंचित डोलतो. कधी उजवा गाल जरा पुढे, कधी हनुवटी जरा वर. त्यामुळे कडेजवळचा एखादा काळा डाग कधी कडेला चिकटलेला दिसतो, कधी चांगला आत सरकलेला. त्यातच उजेड आणि अंधार यांची हद्द चंद्रावरून तासाला पंधरा किलोमीटर या वेगाने सरकत असते आणि विवरांच्या सावल्या क्षणाक्षणाला लांबतात. डोलणं आणि सावल्या एकत्र मोजल्या की फोटो कधीचा ते कळतं. शिवाय आजऱ्यातला माणूस आणि नागपुरातला माणूस चंद्राकडे दोन वेगळ्या खिडक्यांतून बघत असतात. फरक केसाएवढा, पण असतो. त्यावरून फोटो कुठला ते कळतं.

हे गणित जुनंच होतं. नवं एवढंच की एका फोटोतली चाळीस हजार विवरं एका दमात मोजणारं यंत्र निघालं. ते वेळ दहा सेकंदांपर्यंत आणि जागा तालुक्यापर्यंत सांगे. नकली चंद्र बनवणाऱ्यांनी हात चालवून पाहिले, पण चाळीस हजार सावल्यांमध्ये त्यांचा हिशेब कुठेतरी चुकेच. फोनने काढलेला चंद्र तर यंत्र हातातच धरत नसे, कारण फोन स्वतःच्या मनाने चंद्र रंगवतात हे जगजाहीर झालं होतं. दुर्बीण किंवा साधा मोठा कॅमेरा हवा. चंद्र अस्सल असला की हिरवी खूण, नसला की लाल.

माघात एका रविवारी मृण्मयीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुमचे नवसाच्या वेळचे एकवीस फोटो पाठवा ना. एकच परस, एकच दुर्बीण, सलग एकवीस महिने. आमच्या टीमला असा माल शोधून मिळत नाही."

"जुने गं ते. कुठं पडलेत कुणास ठाऊक."

"कुठं पडलेत म्हणजे?" हेमलताबाई आतून म्हणाल्या. "माझ्या शालूखाली आहेत. एकेक चंद्र तारखेनिशी ठेवलाय मी. ह्यांना काय माहीत असतं घरातलं?"

"बघा. आईला विचारायला हवं होतं."

"अगं, त्यातले काही जरा... हललेले आहेत."

"हललेले चालतात बाबा."

शिंत्र्यांनी त्या रात्री शालूपर्यंत जाण्याचा एक प्रयत्न केला. कपाटाची किल्ली हेमलताबाईंच्या कमरेला होती आणि हेमलताबाई झोपेतही कुशीवर किल्लीच्याच बाजूला वळत.

सकाळी हेमलताबाईंनीच एकवीसही फोटो पाठवून दिले. मंगळवारी मृण्मयीने फोन केला तो आईला. तेरा हिरवे, आठ लाल. आषाढाच्या फोटोतला चंद्र दोन वर्षं आधीच्या पौषातला. श्रावणाचा मार्गशीर्षातला. पुढच्या आषाढाला पुन्हा तोच पौषातला, फक्त फिरवून.

हेमलताबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला आणि पाटावर बसल्या.

"म्हणजे मी जेवले आषाढात, आणि चंद्र पौषातला."

"चंद्र एकच असतो गं हेमा."

"मी जेवले आषाढात."

"तुझी साखर चाळीसवर आली होती. पडली होतीस तू."

"पडले असते. नवसात पडले असते. तुमच्या खोट्यात जगले."

मोजणीच्या कामात हद्द चुकली तर अपील असतं, इथे नव्हतं.

पुढच्या शनिवारी संकष्टी मंडळाच्या बायका शिंत्र्यांच्या पडवीत जमल्या. येताना प्रत्येकीने तारखा लिहून आणल्या होत्या. पोतदारवहिनींच्या मालकांना अर्धांगाचा झटका आला तो भाद्रपद लाल होता. कुंभारांची सून माहेरी गेली ती गेलीच, तो श्रावण लाल. एकीच्या म्हशीचं रेडकू गेलं तो दिवस लाल फोटोनंतर बाराव्या दिवशी येत होता. तिने बाराव्यालाही अर्थ असतो असं सांगितलं.

"हिरव्या महिन्यांत काय झालं ते पण लिहा की," शिंत्रे म्हणाले. "हिरव्या माघात दोघं वारले कॉलनीत."

"ते वयानं गेले ओ भाऊजी," पोतदारवहिनी म्हणाल्या.

"आणि तुमचे मालक? त्यांना रक्तदाब होता, गोळ्या बंद केल्या होत्या त्यांनी."

"व्हय, पण बंद करायची बुद्धी कुठल्या महिन्यात झाली? तुमच्याच चंद्राच्या महिन्यात न्हवं?"

बायका उठून गेल्या. जाताना कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. चहा मात्र कुणी घेतला नाही, आणि आजऱ्यात भरला कप तसाच ठेवून उठणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको.

कंपनीला या प्रकरणातून वेगळंच काहीतरी दिसलं. चंद्रसाक्ष कोर्टासाठी बनवलं होतं, पण कोर्टात तारखा पडतात, संकष्टी दर महिन्याला येते. मृण्मयीने वरिष्ठांना घरचं उदाहरण दिलं आणि महिन्याभरात 'चंद्रसाक्ष-व्रत' बाजारात आलं. त्यात नवसाची मोजदाद होती: एकवीसपैकी किती झाल्या, कुठल्या हिरव्या. एक लाल निघाली की मोजदाद शून्यावर जायची आणि खाली एक बटण यायचं, 'श्रद्धेने नव्याने सुरुवात करा'. शून्यावर जाण्याची कल्पना मृण्मयीची. त्या कल्पनेवर तिला बढती मिळाली.

हेमलताबाईंनी बटण दाबलं.

आता त्यांना डोळ्यांनी दिसलेला चंद्रही पुरेना. फाल्गुनात आभाळ स्वच्छ होतं, फणसाच्या डोक्यावर चांगला परातीएवढा चंद्र आला होता. त्या पायरीवर उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या आणि म्हणत होत्या, "हिरवं आलं का?" त्यासाठी दुर्बीण लागे, आणि दुर्बीण लावायला नवरा. महिन्यातून एकदा त्या त्यांच्याशी एवढं एक वाक्य बोलत. फाल्गुन, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ मिळून चार झाल्या. आषाढात आणि श्रावणात आभाळ फाटलंच नाही. त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर बसल्या. शिंत्रे गुळाचा खडा खिशात घालून दाराआड उभे राहिले. पडल्या तर द्यायचा. पडल्या नाहीत.

एवढं सगळं कशासाठी, तर ओजस बोलत नव्हता.

अडीच वर्षांचं पोर, दिसायला गोमटं, डोळे टपोरे, सगळ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, पण आई नाही की आजी नाही. "मुलगे उशिरा बोलतात" हे वर्षभर पुरलं. मग आठ लाल चंद्र सापडले आणि हेमलताबाईंना कारण मिळालं. अर्धा नवस फेडला म्हणून पोराची वाचा अर्ध्यात अडकली. एकवीस पुऱ्या होतील तेव्हा बोलेल. त्यांच्या तोंडून हे मृण्मयीकडे गेलं. तिने ते पूर्ण मानलंही नाही आणि सोडलंही नाही. शिकलेली माणसं असंच करतात.

शिंत्र्यांना मात्र वेगळं दिसलं. माणसांना ते पारखे झाले होते, म्हणून दिवसभर पोराबरोबर परसात बसत. एकदा फणसावरून एक भला थोरला फणस पत्र्याच्या छपरावर पडला. कुंपणावरच्या साळुंक्या उडाल्या. शेजारचं कुत्रं गेटवर धडकलं. शिंत्र्यांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ओजस मुंग्यांची रांग बघत होता. तो मुंग्यांची रांगच बघत राहिला.

तो वर्षाचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. शिंत्र्यांनी जुनी फाईल काढली. घरी सोडतानाच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं: तीन महिन्यांनी कान तपासून घेणे. ही ओळ कुणीच वाचली नव्हती, कारण तिच्या वरच्या ओळीत 'प्रकृती उत्तम' असं होतं.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. "हेमा, ह्याला ऐकू येत नाही."

"काहीतरीच. हाक मारली की बघतो."

"तू दिसतेस म्हणून बघतो. हे बघ." त्यांनी पितळेची थाळी उचलली आणि पोराच्या पाठीमागे उभं राहून उलथन्याने हाणली. हेमलताबाई दचकल्या. समोर बसलेल्या ओजसने आजीचा दचकलेला चेहरा पाहिला, आणि ती बघत होती तिकडे मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"वळला की," हेमलताबाई म्हणाल्या. "आणि थाळी कशाला बडवताय? ग्रहण लागलंय का?"

शिंत्रे दुसऱ्या दिवशी पोराला घेऊन एस्टीने गडहिंग्लजला गेले. कानाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद वाचला, पोराच्या मागे दोन-तीन वेळा खुळखुळा वाजवला आणि तो टेबलावर ठेवला.

"आजोबा, याआधी का नाही आणलंत?"

"उपास चालू होते."

त्यांनी ते ऐकलं नाहीसं केलं. "या तापानंतर कानाच्या आतली पोकळी हळूहळू हाडानं भरत जाते. भरली की आत यंत्र बसवायला जागाच राहत नाही. आणि तीन वर्षांनंतर मेंदू भाषा शिकायला आळस करतो. याला तीन कधी पूर्ण होतात?"

"कार्तिकात."

"मग आजच गुंगी देऊन तपासणी करू. आईच्या फोनवर संमतीचा आकडा जाईल, तो मागून घ्या."

आकडा गेला. आकड्याऐवजी मृण्मयीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुम्ही ओजसला घेऊन कुठे गेलाय? आई रडतेय तिकडे."

"त्याला ऐकू येत नाही मृण्मयी. गुंगी देऊन बघायचंय. आकडा सांग."

"कोण म्हणतं ऐकू येत नाही?"

"मी म्हणतो. डॉक्टरीणबाई आहेत इथं, बोल त्यांच्याशी."

"त्या स्क्रीनवरच्या बाई खऱ्या कशावरून? सकाळपासून माझ्याकडे तीन आयांचे रडके व्हिडिओ आलेत, तिघी बनावट. मी दिवसभर हेच बघते बाबा. तुमच्या शब्दावर मी माझ्या पोराला गुंगी देऊ?"

"आठ वेळा खोटं बोललो. मान्य. पण हे खोटं नाही."

"तेही खोटं नाहीच म्हणाला असतात. मी दिवाळीत येतेय ना, तेव्हा बघू. त्याला घरी घेऊन जा. प्लीज."

दिवाळीच्या पाडव्यालाच कार्तिक लागत होता, आणि दिवाळीला येते म्हणून ती मागची दोन वर्षं आली नव्हती.

घरी आल्यावर हेमलताबाईंनी ओजसला कडेवर घेतलं आणि परसाचं दार सोडून बाकीच्या दारांना आतून कडी लावायला सुरुवात केली. शिंत्र्यांनी फोनवर चार व्हिडिओ काढून मृण्मयीला पाठवले: पोर, मागे थाळी, पोर ढिम्म. तिने सवयीने ते यंत्रात घातले असावेत. उत्तर आलं, आणि ते तिने लिहिलेलं नव्हतं: 'चित्रात चंद्र नाही. पडताळणी शक्य नाही.'

शिंत्र्यांनी उठून जुनी मोजपट्टी शोधली.

भाद्रपदातली संकष्टी. चंद्रोदय आठ सदतीसला, पूर्वेपासून उत्तरेकडे अठरा अंशांवर. कुंपणाच्या त्या बाजूला फणस आडवा येत होता. त्याच्या उजव्या अंगाला, धुण्याच्या दगडाच्या बरोबर वर, चंद्र यायला नऊ वीस होणार होते. शिंत्र्यांनी दगडापासून पायरीपर्यंत बावीस मीटर मोजून कॅमेरा जमिनीलगत बसवला. भिंग असं लावलं की पोरही स्पष्ट आणि चंद्रही. दिवा पायरीवर ठेवला, म्हणजे थाळीची सावली पोराच्या मागे पडेल, पुढे नाही. स्वतः उभं राहायची जागा दगडामागे चार हातांवर खडूने आखली, म्हणजे थाळीचा वारा पोराच्या मानेला लागला असं कुणी म्हणायला नको. आयुष्यभर त्यांनी वकिलांना तोंड दिलं होतं. एकही हरकत शिल्लक ठेवायची नव्हती.

आभाळ चार दिवसांनी पहिल्यांदा मोकळं होत होतं, पण पश्चिमेकडून पुन्हा भरत येत होतं.

"हिरवं आलं का?" आठ पंचेचाळीसला आतून आवाज आला.

"येतंय. फणसाच्या वर येऊ दे."

"पोर कुठाय?"

"माझ्याजवळ. चंद्र दाखवतोय त्याला."

नऊला पुन्हा. "अहो, हात थरथरायला लागलेत माझे."

"वीस मिनिटं, हेमा."

त्यांच्या खिशात गूळ होता. तो आत नेऊन द्यावा असं त्यांच्या मनात आलं. त्या घेणार नाहीत हेही त्यांना माहीत होतं. ते जागचे हलले नाहीत, आणि एकीकडे बायकोची साखर उतरत होती, दुसरीकडे ढग चढत होते, मधल्या दगडावर पोर लाकडी बैल घेऊन बसलं होतं.

नऊ एकोणीसला चंद्र दगडावर आला. पोराच्या खांद्याशी टेकला. शिंत्रे खडूच्या रेघेवर उभे राहिले आणि थाळी उचलून त्यांनी उलथनं हाणलं.

एकदा. शेजारचं कुत्रं उठलं. दुसऱ्यांदा. कुंभारांच्या माडीवर दिवा लागला. "कोण रे ते!" तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी थाळी वर नेऊन अशी हाणली की त्यांच्याच कानात दडे बसले. चौथ्यांदा, पाचव्यांदा. ओजसने बैलाचं शेपूट दगडावर घासलं, बैल उलटा केला, त्याचे पाय मोजल्यासारखे करून पाहिले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. सहाव्यांदा शिंत्र्यांच्या हातून थाळी निसटून फरशीवर आपटली आणि गरगरत, घणघणत कितीतरी वेळ फिरत राहिली. पोराची पापणी लवली नाही.

नऊ बावीसला ढग आला.

शिंत्र्यांनी तो व्हिडिओ चंद्रसाक्षात घातला. यंत्राने चाळीस हजार विवरं मोजली. त्याला सात सेकंद लागले. 'चंद्र अस्सल. स्थळ: आजरा. वेळ: नऊ एकोणीस. चित्रात फेरफार नाही.' आणि शेजारी हिरवी खूण, ठसठशीत.

ते जवळजवळ धावत स्वयंपाकघरात गेले. हेमलताबाई फोन हातात घेऊन पाटावर बसल्या होत्या. हिरवं त्यांच्याकडेही पोचलं होतं. त्या व्हिडिओ बघत होत्या. फोनमधून मंजुळ घंटा वाजत होत्या.

"हा कसला आवाज?" शिंत्र्यांनी विचारलं.

घंटा कंपनीच्या होत्या. चंद्र चित्राची साक्ष देतो, आवाजाची देत नाही. आवाज मागाहून कुणीही भरू शकतं. म्हणून व्हिडिओ प्रमाणित करताना यंत्र मूळ आवाज काढून टाकत असे, आणि व्रताच्या आवृत्तीत तिथे घंटानाद घालत असे. हे नियमांत चौदाव्या पानावर लिहिलेलं होतं.

"हेमा, बघितलंस?"

"बघितलं."

"काय दिसलं?"

"चंद्र." त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाजात सहा महिन्यांत नव्हती ती ऊब होती. "हिरवा आहे. पाचवी झाली."

"अगं, पोराकडे बघ. मी मागे थाळी बडवतोय. हे ऐक." त्यांनी स्वतःच्या फोनवरचा मूळ व्हिडिओ लावला. स्वयंपाकघर घणघणलं. हेमलताबाईंनी कानावर हात ठेवले आणि फोनच्या पडद्यावर वाकून पाहिलं.

"ह्याला हिरवी खूण कुठाय?"

"ह्याला... हा मूळ आहे, हेमा."

"मूळ पौषातलाही होता." त्यांनी स्वतःच्या फोनवरच्या चंद्राला दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. मग मोदकाचा एक घास तोंडात घातला, दुसरा मोदक नवऱ्याच्या पानात वाढला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा न मागता वाढला. "पोराला आत घ्या. दव पडतंय. आणि बसा जेवायला."

तोवर व्हिडिओ संकष्टी मंडळावर गेला होता. शिंत्र्यांचा फोन वाजू लागला. मृण्मयीने हार घातलेल्या गणपतीचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, 'बाबा, काय सुंदर फ्रेम! हा आम्ही जाहिरातीत घेऊ का?' पोतदारवहिनींनी लिहिलं, 'दर्शन झालं. भाऊजींनी चंद्राला थाळी ओवाळली ते बघून डोळे भरले. शेवटी वळला माणूस.' तिला अकरा जणींनी हात जोडले.

सर्वांत शेवटी कुंभारबाईंचं आलं.

'नातू किती शांत बसलाय ओ. आमचा असता तर एक मिनिट ऐकला नसता.'